काँक्रीटमध्ये वाळूऐवजी प्लास्टिकचा चुरा चालेल का?

प्रश्न: आमच्या गावात पाण्याच्या बाटल्यांचा कचरा वाढतो आहे आणि वाळू महागली आहे, बाटल्यांचा चुरा घराच्या स्लॅबमध्ये वापरता येईल का?

पहिले उत्तर: स्लॅबमध्ये कृपया वापरू नका. प्लास्टिक पाणी शोषत नाही आणि त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्यामुळे सिमेंटची पकड त्यावर नीट बसत नाही आणि प्रमाण वाढेल तशी काँक्रीटची दाब सोसण्याची क्षमता घटत जाते.

दुसरे उत्तर: स्लॅबबाबत सहमत आहे, पण ही कल्पना सोडून देण्यासारखी नाही. गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आणि ब्रिटनमधील बाथ विद्यापीठ यांच्या संयुक्त अभ्यासात 10 टक्के वाळूऐवजी बाटल्यांचे प्लास्टिक वापरले गेले, आणि त्याचे कण वाळूच्याच आकारमानाचे दळलेले असताना ताकद फारशी कमी झाली नाही. कणांचा हा मेळ जमवणे हेच खरे कष्टाचे काम आहे; घरी कात्रीने कापलेले तुकडे त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

तिसरे उत्तर: आगीचाही विचार करावा, कारण बाटल्यांचे प्लास्टिक सुमारे 250 अंश सेल्सिअसला वितळते. माझ्या मते भार नसलेल्या कामात, तेही ठोकळ्यांची प्रयोगशाळेत 28 दिवसांची चाचणी घेऊनच, ते वापरावे.