‘कॅनॉनिकल’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा:
नमस्कार. पैठण्या विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानासाठी सूचनापुस्तिका मराठीत करते आहे. डायनॅमिक यूआरएल, डुप्लिकेट कंटेंट आणि कॅनॉनिकल यूआरएल या तीन शब्दांवर अडले. ‘गतिमान पत्ता’, ‘प्रतिरूप आशय’, ‘विहित दुवा’ असं लिहून पाहिलं. मालकांना वाचून दाखवलं, तर ते नुसतं ‘बरं’ म्हणाले. म्हणजे पोचलं नाही. काय करू?

प्रतिसाद:
ताई, गेली बरीच वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘डुप्लिकेट’ आधी काढा. ‘डुप्लिकेट चावी’, ‘डुप्लिकेट मार्कशीट’ म्हणजे दुसरी प्रत, तीही खरीच. पण ‘डुप्लिकेट माल’ म्हणजे नकली. मी एकदा एका साडीवाल्या काकांना सांगितलं, ‘तुमच्या साइटवर डुप्लिकेट कंटेंट फार आहे.’ काका काहीच बोलले नाहीत. उठले, गल्ल्याजवळच्या खणातून सिल्क मार्कची, म्हणजे अस्सल रेशमाची खूण असलेली, लेबलं काढली आणि माझ्यापुढे मांडली. मला फार वाईट वाटलं.

आपल्याकडे यासाठी तयार शब्द आहे, दुबार. मतदारयादीत एकच माणूस दोनदा आला की ‘दुबार नाव’ म्हणतात. माणूस खरा, नोंद तेवढी दोनदा. दुकानात नेमकं हेच होतं: तीच साडी ‘लग्नसराई’ विभागातून उघडली की एक पत्ता, ‘मोरपंखी’मधून उघडली की दुसरा. म्हणून ‘दुबार पान’, ‘दुबार मजकूर’. आणि हेही पुस्तिकेत लिहा की अशा दुबार पानांबद्दल गूगल शिक्षा करत नाही. फसवणुकीचा हेतू असेल तर गोष्ट वेगळी. एरवी ते त्यांतलं एक पान स्वतः निवडतं. तोटा एवढाच की ती निवड आपल्या मनासारखी असेलच असं नाही, आणि तीच ती पानं वाचण्यात क्रॉलरचा, म्हणजे साइटची पानं वाचत फिरणाऱ्या गूगलच्या प्रोग्रॅमचा, वेळ जाऊन नवी साडी उशिरा सापडते.

‘डायनॅमिक’चं ‘गतिमान’ नको. पत्ता कुठे पळत नाही. गिऱ्हाइकानं रंगाची, किमतीची चाळणी (फिल्टर) लावली की तो त्या क्षणी बनतो, इतकंच. आमच्या टेबलावर सगळे ‘शेपटीचा पत्ता’ म्हणतात. ‘/पैठणी’ हे अंग, आणि प्रश्नचिन्हापासून पुढे शेपूट: ‘/पैठणी?रंग=मोरपंखी&क्रम=स्वस्त-आधी’. समजा ८ रंग, किमतीचे ५ टप्पे आणि मांडणीचे ४ क्रम आहेत. प्रत्येक चाळणी एकदाच लावायची किंवा सोडायची, तरी ९ × ६ × ५ म्हणजे २७० पत्ते होतात. रंग आधी लिहिला की किंमत, यानंही पत्ता बदलतो. तो फरक धरला की आकडा १,१६२ वर जातो. साड्या मात्र त्याच.

आता ‘कॅनॉनिकल’, म्हणजे दुबार पानांच्या अनेक पत्त्यांपैकी सर्च इंजिनानं धरावा म्हणून आपण पुढे केलेला एक. यासाठी मी ‘मूळ पत्ता’ वापरून हात पोळून घेतलेत. सूचनेत लिहिलं होतं, ‘प्रत्येक साडीचा मूळ पत्ता भरा.’ नोंदी भरणाऱ्या मुलीनं शब्दाला धरून सर्वांत आधी तयार झालेले पत्ते भरले. त्यांत चाचणीसाठी केलेली, फोटो नसलेली पानंही होती. चूक तिची नव्हती. मूळ म्हणजे आधीचं. आम्हाला हवं होतं ते आम्ही पुढे करू ते.

प्रतिसाद:
मग सरळ ‘अधिकृत पत्ता’ म्हणा की. सगळ्यांना कळतो.

प्रतिसाद:
कळतो, पण जास्तच कळतो. एक अधिकृत म्हटलं की बाकीचे अनधिकृत, आणि अनधिकृत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जेसीबी येतो. इथे काहीच पाडायचं नसतं. चाळणीचे पत्ते चालू राहतात, गिऱ्हाईक ते वापरतं. कॅनॉनिकलची खूण फक्त सर्च इंजिनाला सांगते की या सगळ्यांच्या वतीनं हे पान धरा. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ही खूण २००९च्या फेब्रुवारीत मिळून आणली, आणि गूगल तिला हुकूम न मानता शिफारस मानतं.

म्हणून मी ‘प्रमाण पत्ता’वर ठाम आहे. प्रमाण मराठी आहे म्हणून वऱ्हाडी, मालवणी बंद पडत नाहीत. तेच नातं इथे आहे. शिवाय ग्रीक ‘कॅनॉन’ म्हणजे मोजायची काठी, आणि ‘प्रमाण’मधला ‘मा’ हा धातूही मोजण्याचाच. हे लक्षात आलं त्या दिवशी मला खरंच आनंद झाला होता. फक्त ‘प्रमाणित’ लिहू नका. प्रमाणित प्रत म्हणजे सहीशिक्क्याची प्रत.

आणि जुना पत्ता खरोखर बंद करून सगळ्यांना नव्याकडे पाठवायचं असेल, तर त्याला ३०१ म्हणतात. त्यासाठी ‘स्थलांतर’ वापरा. ‘दुकान स्थलांतरित झाले आहे’ ही पाटी सगळ्यांनी वाचलेली असते.

विचारणा:
‘दुबार’ आणि ‘प्रमाण’ दोन्ही घेतले. आज मालकांना वाचून दाखवलं, तर त्यांनीच विचारलं: साड्यांची यादी पान १, पान २, पान ३ अशी जाते, मग पान २चा प्रमाण पत्ता पान १ द्यायचा ना?

प्रतिसाद:
नाही. पान २ वर वेगळ्या साड्या आहेत, म्हणजे ते दुबार नाहीच. त्याचा प्रमाण पत्ता म्हणजे त्याचा स्वतःचाच पत्ता. पान १ दिलं, तर पुढच्या पानांवरच्या साड्यांपर्यंतची वाट क्रॉलरला सापडेलच याची खात्री राहत नाही. पण मालकांनी हा प्रश्न स्वतःहून विचारला ना? मग शब्द पोचले.