मदत हवी आहे: फेडरल कोर्टाच्या तयारीसाठी चांगला सीएलई (वकिलांसाठीचं सक्तीचं पुढचं शिक्षण) कोर्स सुचवा

नमस्कार मंडळी. आपल्यापैकी कोणी न्यूयॉर्कमध्ये फेडरल कोर्टात केसेस चालवतं का? माझी प्रॅक्टिस आजवर स्टेट कोर्टातली. आता एक केस सदर्न डिस्ट्रिक्टला, म्हणजे इथल्या फेडरल कोर्टात आहे, आणि पुन्हा अभ्यासाला बसले आहे.

खरी अडचण तज्ज्ञ साक्षीदाराची. स्टेट कोर्टात फ्रायची कसोटी (तज्ज्ञाची पद्धत त्या क्षेत्रात सर्वमान्य आहे का), आणि ट्रायलआधी समोरच्या तज्ज्ञाचं डिपॉझिशन, म्हणजे कोर्टाबाहेर शपथेवर घेतलेली जबानी, सहसा मिळतच नाही. फेडरल कोर्टात डॉबर्टची कसोटी (पद्धत विश्वासार्ह आहे का, हे न्यायाधीश तपासतात), सविस्तर लेखी रिपोर्ट आणि डिपॉझिशनही. त्यात तज्ज्ञांच्या साक्षीचा फेडरल नियम ७०२ डिसेंबर २०२३ मध्ये बदलला. मत विश्वासार्ह असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त आहे, हे आता ते मांडणाऱ्या पक्षानेच कोर्टाला पटवायचं, असं स्पष्ट लिहिलंय. समोरच्यांचा चाळीस पानी रिपोर्ट टेबलावर आहे, समास पेन्सिलीच्या खुणांनी भरलाय, पण पहिला प्रश्न कोणता विचारू ते ठरत नाही.

दर दोन वर्षांचे २४ क्रेडिट्स मी वेळेत भरते. एथिक्सचे ४, सायबरसिक्युरिटीचा १, सगळे. पण ऐकलेले तिन्ही रेकॉर्डेड कोर्स म्हणजे निकालांचं वाचन. मला असा हवाय, जिथे समोर सरावासाठी कुणाला साक्षीदार म्हणून बसवून प्रश्न विचारायला लावतात आणि चुकलं की तिथेच थांबवतात. फी जास्त असली तरी चालेल. माझ्या कच्चेपणामुळे अशिलाचं नुकसान व्हायला नको.

डिपॉझिशन पुढच्या महिन्यात आहे. शनिवार-रविवारचा कोर्स माहीत आहे का कुणाला? आणि केसचे तपशील न सांगता प्रश्नांचा क्रम कसा लावावा, यावर अर्धा तास फोनवर बोलेल असं कोणी अनुभवी आहे का?