प्रोग रॉक ऐकताना: तुमची जागा कोणती?

वीस मिनिटांचं एक गाणं. मध्येच ताल बदलतो, गायक चार ओळी म्हणून कुठेतरी निघून जातो, ऑर्गनवाला एकटाच काहीतरी शोधत बसतो, आणि तरी आपण उठत नाही. प्रोग्रेसिव्ह आणि प्रायोगिक रॉक ऐकणाऱ्यांशी बोलायला गेलं की बहुतेक जण अल्बमांची नावं सांगतात, कोणता वादक कोणत्या साली कुणाशी भांडून बाहेर पडला ते सांगतात. ते सगळं वाचायला मिळतं. मला हवंय ते वेगळं. अख्ख्या अल्बममधली ती एक जागा सांगा, जिच्यासाठी तुम्ही आधीची दहा-पंधरा मिनिटं बसून राहता. तिथे नेमकं काय होतं?

तारे देऊ नका, क्रमवारी लावू नका. आवडलं नसेल तर तेही लिहा, पण नुसतं ‘रटाळ’ म्हणून सोडून देऊ नका. कुठे आणि का रटाळ झालं ते सांगा.

सुरुवात मीच करतो. किंग क्रिम्झनचा ‘रेड’, १९७४. शेवटचं गाणं ‘स्टारलेस’, बारा मिनिटांहून थोडं जास्त.

आधी एक संथ, उदास गाणं. जॉन वेटनचा भरदार आवाज आणि मागे मेलोट्रॉन. (मेलोट्रॉनच्या प्रत्येक पट्टीखाली खऱ्या वाद्यांचे सूर मुद्रित केलेली टेप असते. ती आठेक सेकंदांत संपते, मग बोट उचलावंच लागतं. त्यामुळे त्या सुरांना जो थोडासा कापरेपणा आणि अडखळता श्वास येतो, तो नंतरच्या चकचकीत सिंथेसायझरना कधी जमला नाही. हे माझं मत, वाद घालायला हरकत नाही.) साडेचार मिनिटांच्या आसपास गाणं थांबतं आणि बेस तेरा मात्रांची एक ओळ धरतो. त्यावर रॉबर्ट फ्रिप गिटारवर काय वाजवतो? एक सूर. परत तोच. परत तोच. मग जरासा वरचा. ड्रमर बिल ब्रुफर्ड सरळ ठेका द्यायचा सोडून इकडे तिकडे काहीतरी वाजवून बघत असतो. असं चार मिनिटांहून जास्त वेळ चालतं. गिटार सोलो म्हणजे बोटांची कसरत, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर ऐकावं. वादक जवळजवळ काहीच करत नाही आणि इकडे आपला जीव टांगणीला लागलेला.

नऊ मिनिटांच्या सुमारास बांध फुटतो. तेच तेराचं चक्र आता दुप्पट लयीत, आणि सॅक्सोफोन मोकाट. पण माझी जागा तीही नाही. ती अगदी शेवटी आहे. या सगळ्या धुमाळीतून सुरुवातीची उदास धून परत येते, या वेळी अख्ख्या बँडच्या ताकदीनिशी. सूर तेच आहेत, पण मधल्या सात मिनिटांनी त्यांचं वजन बदललेलं असतं. ‘रेड’ बाजारात यायच्या आधीच फ्रिपने बँड मोडला होता, हे मला बऱ्याच नंतर कळलं. ते माहीत नसतानाही हा शेवट निरोपाचाच वाटायचा.

◆

तुमच्या अटीत माझी जागा बसत नाही, कारण ती पहिल्याच सेकंदाला आहे. पिंक फ्लॉइड, ‘मेडल’ (१९७१), दुसरी अख्खी बाजू व्यापणारं ‘एकोज’. पियानोचा एकच स्वर, पण फिरत्या भोंग्याच्या लेस्ली स्पीकरमधून काढलेला. टिंग. मग शांतता. मग परत टिंग. साडेतेवीस मिनिटांचं गाणं एवढ्याशा आवाजावर उभं आहे.

मधला भाग मात्र मला अजून पचलेला नाही. गिटारवादक डेव्हिड गिलमोरने वॉ-वॉ पेडलच्या (पायाने गिटारचा आवाज बदलायचं साधन) तारा उलट्या जोडून काढलेल्या त्या किंकाळ्या, मागे कावळ्यांचा कालवा. अंधारात हेडफोन लावून ऐका म्हणतात. ऐकलं, लांबलेलं वाटलं. पण तो भाग ओलांडून पुढे गेलं की पंधराव्या मिनिटाच्या आसपास परत येणारी टिंग अगदीच साधी वाटते. म्हणजे या लोकांनी माझा कंटाळासुद्धा हिशेबात धरलाय की काय!

◆

येस या बँडचं ‘क्लोज टू द एज’, बाराव्या मिनिटाच्या आसपास येणारा चर्चचा ऑर्गन. बस, एवढंच.

◆

मी काही वर्षं तबला शिकले आहे, त्यामुळे या संगीतात शिरले ती मात्रा मोजतच. कुणीतरी सांगितलं की पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ सातात आहे, तर म्हटलं हा आपला रूपक. बोटांवर धरायला गेले आणि गडबडले. रूपकाची पहिली मात्रा खालीची, हलकी. इथे पहिली मात्रा दणकून येते. आकडा तोच, पण चालणं वेगळं. त्या गाण्याच्या सुरुवातीला नाण्यांचा खणखणाट, कागद फाटल्याचा आवाज, गल्ल्याचं यंत्र असे सात आवाज येतात, मात्रेला एक. टेपचे तुकडे मोजपट्टीने मोजून, चिकटवून त्याचं चक्र केलं होतं. आज हे दोन मिनिटांचं काम आहे, १९७३ च्या अल्बमसाठी ते कात्री घेऊन बसले होते.

या गाण्यातली माझी जागा म्हणजे सॅक्सोफोन संपून गिटार सुरू होते तो क्षण. सॅक्सोफोन सातातच वाजतो. गिटार आली की ताल सरळ चाराचा होतो. तोवर आपलं अंग सातात मुरलेलं असतं, आणि अचानक चार इतके ऐसपैस वाटतात की हायसं होतं. चाराचं एवढं कौतुक मला दुसऱ्या कुठल्या गाण्याने करायला लावलेलं नाही.

पण खरी माझी आवड ‘डिसिप्लिन’ (१९८१). हाही किंग क्रिम्झनच, पण ‘रेड’शी त्याचं नातं नावापुरतंच. ‘फ्रेम बाय फ्रेम’ मध्ये फ्रिप आणि एड्रियन बेल्यू दोघं गिटारवर एकच नक्षी विणायला लागतात, आणि मग एकजण आपल्या आवर्तनातला एक स्वर गाळतो. एकाचं चौदाचं, दुसऱ्याचं तेराचं. दोघं हळूहळू एकमेकांपासून सरकत जातात. इंडोनेशियाच्या गॅमेलन संगीताचा या अल्बमवर प्रभाव आहे, तो इथे स्पष्ट ऐकू येतो. पहिल्यांदा वाटतं कुणीतरी चुकलं. मग दोघं पुन्हा जुळतात आणि समेवर मान डोलवायची सवय असलेल्या माणसाला राहवत नाही.

उलट टूलच्या ‘लॅटरलस’चं (२००१) मला तितकं कौतुक नाही. त्यात कडव्याच्या शब्दांतली अक्षरं एक, एक, दोन, तीन, पाच, आठ अशी फिबोनाचीच्या मांडणीने (आधीच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे पुढचा) चढतात आणि उतरतात. ताल नऊ, आठ, सात. आणि ९८७ हीसुद्धा फिबोनाचीचीच संख्या. हे कळेपर्यंत गाणं जास्त आवडत होतं. आता ते ऐकताना तिहाई दाखवायची घाई झालेला वादक डोळ्यांसमोर येतो. ड्रम मात्र अप्रतिम, त्यात वाद नाही.

◆

न आवडलेलंही लिहा म्हणालात म्हणून. कॅप्टन बीफहार्ट, ‘ट्राउट मास्क रेप्लिका’, १९६९. अठ्ठावीस तुकडे, निर्माता फ्रँक झॅपा. बीफहार्टला पियानो वाजवता येत नसे. तो पियानोवर जे काही काढायचा ते ड्रमर जॉन फ्रेंच लिहून घ्यायचा, आणि बँडने एका घरात राहून कित्येक महिने ते पाठ केलं. म्हणजे जो गोंधळ ऐकू येतो तो गोंधळ नव्हेच, सगळं ठरवून केलेलं आहे. समजलं. मान्य. तरी ऐकवत नाही. कंटाळा कुठे आला? दुसऱ्या मिनिटाला.

◆

+१. पण एक करून बघा: सलग ऐकू नका. एका वेळी दोन तुकडे, आणि लक्ष फक्त ड्रमवर. दोन गिटारी भांडताहेत असं वाटतं, तेव्हा ड्रम दोघांच्या मध्ये दुवा धरून असतो. आवडेलच असं नाही, पण ‘ऐकवत नाही’ वरून ‘ऐकवतं’ पर्यंत तरी याल.

◆

येसच्या ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’वर इथे कुणी अजून लिहिलं नाही याचं नवल वाटलं, कारण शिव्या घालायला सगळ्यांचा आवडता अल्बम तो.

झालं असं की १९७३ मध्ये बँड जपानमध्ये असताना गायक जॉन अँडरसन परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र वाचत होता. त्यातल्या एका तळटीपेत शास्त्रांचे चार प्रकार दिलेत: श्रुती, स्मृती, पुराण, तंत्र. झालं, एका तळटीपेवर दोन तबकड्या! चार बाजू, प्रत्येक बाजूला वीसेक मिनिटांचं एक गाणं, एका बाजूला एक शास्त्र. अँडरसनला जंगलात मुद्रण करायचं होतं म्हणे, ते जमलं नाही तेव्हा लंडनच्या स्टुडिओत गवताच्या पेंढ्या आणि एक खोटी गाय आणून उभी केली.

आपल्याला ही नावं लहानपणापासून कानावर असलेली, त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना मी ‘यात श्रुती कुठे, स्मृती कुठे’ असं शोधत बसलो. तसं काही हाती लागत नाही. चार शास्त्रं ही फक्त खुंटी आहे, शब्द तर अँडरसनचे नेहमीचेच, नादासाठी एकापुढे एक ठेवलेले. तो शोध सोडला तेव्हा कुठे अल्बम ऐकू यायला लागला.

पहिली बाजू उत्तम आहे. त्यात सुरुवातीला एकाच सुराभोवती घोळणारं, जवळजवळ मंत्रासारखं म्हणणं आहे, ते वाढत वाढत जातं. दुसऱ्या बाजूत पाणी फार. इथे बँडचा कीबोर्डवादक रिक वेकमन याच्याशी माझं पूर्ण एकमत आहे: त्याला हा अल्बम मनापासून आवडला नव्हता, मँचेस्टरच्या कार्यक्रमात तर तो रंगमंचावर कीबोर्डच्या आडोशाला बसून चक्क जेवला, आणि १९७४ मध्ये त्याने बँड सोडला. पण तिसऱ्या बाजूचा शेवट त्यालाही आवडत असावा अशी माझी समजूत आहे. तिथे बाराएक मिनिटांच्या खडबडीत, अंगावर येणाऱ्या वाजवण्यानंतर गिटारवादक स्टीव्ह हाऊ साधी अकूस्टिक गिटार घेतो, आणि एक छोटंसं, नीटस गाणं येतं. तीच माझी जागा. ते गाणं वेगळं काढून ऐकलं तर गोड आहे, इतकंच. त्याच्या आधीचा खडबडाट सोसलेला असेल तर गोष्ट निराळी.

◆

जर्मन लोकांचं कुणीच नाव घेत नाही! मला इंग्रजी प्रोगचा थाटमाट सोसत नाही. त्याऐवजी कॅन या बँडचा ‘टागो मागो’ (१९७१) घ्या. ‘हालेलुवा’ साडेअठरा मिनिटं आहे, आणि ड्रमर याकी लीबेत्साइट जवळजवळ तोच ठेका यंत्रासारखा धरून ठेवतो, फक्त यंत्र नसल्यामुळे त्यात जीव आहे. बँड तासन्‌तास वाजवायचा आणि मग त्यांचा बेसवादक होल्गर शुकाय टेप कापून त्यातून गाणं बनवायचा. गायक दामो सुझुकी त्यांना म्युनिकच्या रस्त्यावर गाताना भेटला होता, त्याच रात्री त्याला मंचावर उभा केला. माझी जागा सांगता येणार नाही, कारण तिथे काही बदलतच नाही. बदलतो तो ऐकणारा.

आणि नॉय! हा बँड. त्यांच्या दुसऱ्या अल्बमचे (१९७३) पैसे अर्ध्यावर संपले. काय केलं? आधी काढलेल्या सिंगलमधलीच दोन गाणी दुसऱ्या बाजूवर वेगवेगळ्या वेगाने वाजवून भरली, एकदा संथ, एकदा चिपमंक्ससारखी भरधाव. याला प्रयोग म्हणायचं की हात वर करणं? मी हसत हसत ऐकतो आणि दर वेळी संथ चालणाऱ्या तुकड्यापाशी जरा गंभीर होतो.

◆

धागा आवडला, वाचनखूण साठवली.

मी प्रोगवाली नाही, सोळा मिनिटांच्या गिटारला माझा नमस्कार. पण टॉक टॉकचा ‘स्पिरिट ऑफ ईडन’ (१९८८) इथे चालत असेल तर लिहिते. हा बँड आधी रेडिओवर वाजणारी, नाचायजोगी गाणी करायचा. त्यावर पैसे मिळाले आणि त्यांनी ते या अल्बमवर घालवले. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत, म्हणजे किंग क्रिम्झनने १९६९ मध्ये पहिला अल्बम केला त्याच ठिकाणी, दिवे जवळजवळ बंद ठेवून हे लोक महिनोन्‌महिने बसले. पाहुणे वादक बोलवायचे, हवं ते वाजवायला सांगायचे आणि त्यातलं बहुतेक सगळं टाकून द्यायचे. कधी कुणाच्या अख्ख्या दिवसातले चार सूर ठेवले.

ते टाकून दिलेलं ऐकू येतं, असं मी म्हटलं तर हसाल. पण पहिल्या बाजूची तीन गाणी एकमेकांत मिसळतात, तिथे दोन सुरांच्या मधली जागा इतकी भरलेली आहे की मी आवाज वाढवत जाते. आणि मग त्यातलं तिसरं, ‘डिझायर’ येतं. गायक मार्क हॉलिस पुटपुटल्यासारखा गातोय म्हणून तुम्ही आवाज आणखी वाढवलेला, आणि तेवढ्यात गिटार आणि ड्रम अंगावर कोसळतात. दर वेळी दचकते. माहीत असूनही आवाज कमी करून ठेवत नाही.

◆

हे सगळं वाचून ऐकावंसं वाटतंय, पण कुठून सुरू करू? वीस मिनिटांचं गाणं मी आजवर कधीच पूर्ण ऐकलेलं नाही.

◆

‘रेड’. चाळीस मिनिटं, पाच गाणी. पहिलं गाणं आवडलं नाही तर सरळ शेवटचं लावा.

◆

मी म्हणेन जेथ्रो टलचा ‘थिक ॲज अ ब्रिक’ (१९७२). अख्खा अल्बम म्हणजे एकच गाणं, हे ऐकून घाबरू नका. त्यांच्या आधीच्या ‘ॲक्वालंग’ला समीक्षक कन्सेप्ट अल्बम (एकाच कल्पनेभोवती गुंफलेला) म्हणायला लागले म्हणून टलच्या इयन अँडरसनने चिडून केलेली ती चेष्टा आहे. एका काल्पनिक शाळकरी पोराची कविता, आणि वेष्टन म्हणजे बारा पानांचं खोटं वर्तमानपत्र. बासरी छान आहे, चाली लक्षात राहतात. ‘रेड’ने सुरुवात केली तर माणूस पळून जाईल हो.

◆

पळाला तर पळाला.