सकाळचं ऊन थेट डोळ्यावर, सन व्हायझर (समोरच्या काचेच्या वरची खाली घ्यायची झडप) पुरत नाही. काय करू?

कृष्णाकाठ:
नमस्कार. मी रोज सकाळी सव्वासातला इस्लामपूरहून सांगलीला शाळेवर जाते. गाडी साधी हॅचबॅक, माझी उंची 5 फूट. दिवाळी झाल्यापासून आष्टा सोडलं की सूर्य बरोबर समोर, व्हायझर पूर्ण खाली घेतला तरी त्याच्या खालनं ऊन येतंच. परवा तुंगच्या अलीकडं उसाची ट्रॉली पुढं चालली होती, ती मला पार जवळ गेल्यावर दिसली, ब्रेक लागला म्हणून वाचले, पण पहिला तास संपेपर्यंत हात थरथरत होते. व्हायझरला अडकवायची पिवळी-काळी पारदर्शक पट्टी मिळते ती कुणी वापरलीय का? की काचेला फिल्म लावून घेऊ?

हळदवाला:
ताई फिल्म नका लावू. 2012 ला सुप्रीम कोर्टानं काळ्या फिल्मवर बंदी घातली, पुढच्या काचेतनं किमान 70 टक्के उजेड आत आला पाहिजे असा नियम आहे. दंड होईल तो वेगळाच, पण संध्याकाळी अंधारात तुम्हालाच दिसणार नाही.

जुना ड्रायव्हर:
पट्टी नंतर बघू, आधी पुढची काच आतून कधी पुसली होती ते सांगा. बाहेरनं सगळे पुसतात. उन्हात गाडी तापली की डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकची वाफ काचेला आतनं बसते, तिचा पातळ थर होतो, एरवी दिसत नाही पण ऊन समोरनं पडलं की सगळी काच दुधासारखी पांढरी होते आणि आपल्याला वाटतं ऊनच जास्त आहे. संध्याकाळी गाडी गार झाल्यावर मायक्रोफायबर ओला करून, घट्ट पिळून पुसा, लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्यानं पुसा, खाली डॅशबोर्डजवळच्या कोपऱ्यात हात पोचत नाही तिथंच जास्त असतं. डॅशबोर्डला चकचकीत पॉलिश मारत असाल तर बंद करा, त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं. वायपरचं रबर कडक झालं असेल तर बदला, त्याचे ओरखडे उन्हात लई चमकतात.
दुसरं, सीट. उंची वाढवायचा लिव्हर असेल तर सीट वर घ्या, नसेल तर कडक बैठकीची उशी घ्या, मऊ नको. डोळे वर गेले की तोच व्हायझर जास्त झाकतो. फक्त ब्रेक पूर्ण दाबला जातोय का ते उभ्या गाडीत बघून घ्या.

वारणेकाठ:
मी पट्टी दोन वर्षं वापरली. सूर्य थोडा वर आला की छान काम करते, पण अगदी खाली असताना सूर्य झाकायचा म्हणजे रस्ताही झाकायचा, त्यावर कुठल्याच पट्टीचा इलाज नाही. क्लिप सैल असेल तर खड्ड्यात आदळून खाली येते, तेव्हा घट्ट बसणारी बघा. पिवळी रात्री लावू नका, उजेड कमीच करते.
तुमचा रस्ता आग्नेयेला जातो आणि थंडीत सूर्य त्याच बाजूला उगवतो, म्हणून एवढा त्रास, उन्हाळ्यात सकाळी डावीकडनं येईल, तेव्हा मात्र मे-जूनला संध्याकाळी घरी येताना समोर मिळेल. उगवल्यावर पाऊण तासात तो बराच वर येतो. शाळेची वेळ सरकत नसेल तर उगवायच्या आधीच सांगलीत पोचाल असं निघा. पोलराइज्ड गॉगल घ्या, ओल्या रस्त्यावरची आणि बॉनेटवरची चमक कापतो, थेट सूर्य मात्र कापत नाही.

जुना ड्रायव्हर:
अजून एक राहिलं. ज्या वेळी आपली सावली लांब पुढं पडते, त्या वेळी समोरच्याच्या डोळ्यावर ऊन असतं, त्याला आपण दिसत नाही. तेव्हा दिवसाही हेडलाइट लावायचा. आणि उसाचा हंगाम चालू आहे तोवर ट्रॉलीला मागं लाल कापड किंवा रिफ्लेक्टर असेलच हे धरून चालू नका, ऊन आलं की 40 च्या वर नको आणि ओव्हरटेक तर नकोच.

कृष्णाकाठ:
दादा, काच आतनं पुसली, फडकं करडं झालं! आज सांगलीवाडीपर्यंत बराच फरक जाणवला. उशी घेतली, पट्टी घेत नाही. सोमवारपासून लवकर निघणार, शाळेत आधी पोचेन पण चालेल. गॉगल चष्म्याच्या नंबरचा मिळतो का, मिरजेत किंवा सांगलीत कुणी करून घेतलाय का?