कादंबरीतली नायिका लिटररी एजंट आहे, करिअर खरं वाटेल असं कसं दाखवू?

तापीकाठची
नमस्कार मंडळी, मी जळगावची, एक कादंबरी लिहायला घेतलीय. नायिका चोपड्याची, एम.ए. मराठी, आणि मला तिला लिटररी एजंट करायचंय, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणी करणारी. आत्ताचा प्लॅन असा की ती मुंबईत ऑफिस थाटते आणि तिसऱ्या वर्षी एका मराठी कादंबरीचं पन्नास लाखाचं डील करते. नवरा म्हणतो हे सिरीयलसारखं वाटतंय. अशा माणसाचं करिअर खरं कसं सरकतं, पैसा कुठून येतो, कोणी या लाईनमधलं असेल तर सांगा ना.

जुना_मुद्रितशोधक
तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे. मी पुण्यात प्रकाशनात बरीच वर्षं काढली, आता धुळ्याला असतो. साधा हिशोब मांडू. मराठी कादंबरीची आवृत्ती समजा 1000 प्रतींची, किंमत 300 रुपये, रॉयल्टी 10 टक्के. सगळ्या प्रती खपल्या तर लेखकाला 30,000. एजंटचं कमिशन जगभर साधारण 15 टक्के असतं (परदेशातल्या हक्कांवर 20), म्हणजे तुमच्या नायिकेच्या हातात 4,500 रुपये, आणि तेही आवृत्ती संपायला दोन-तीन वर्षं लागली तर तेवढ्या वर्षांत मिळून, कारण रॉयल्टीचा हिशोब बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदाच होतो. मुंबईतलं ऑफिस सोडा, चोपडा-जळगाव एसटीचा पासही यात बसणार नाही. म्हणूनच मराठीत लेखक स्वतःच हस्तलिखित घेऊन प्रकाशकाकडे जातो, मध्ये कोणी नसतं.

तिला आधी माझ्यासारखं प्रुफं तपासायला बसवा. मग संपादकीय सहायक, मग दिल्लीत एखाद्या इंग्रजी प्रकाशकाकडे हक्कविक्रीच्या टेबलावर. एजंट बहुतेक अशाच वाटेने तयार होतात, आधी दुसऱ्याच्या पगारावर वाचायचं, वाचायचं आणि नाही म्हणायला शिकायचं.

केळीवाला_रावेर
म्हणजे अडत्याच की भो 😄 आमच्याकडे सावद्याला पावलोपावली आहेत.

जुना_मुद्रितशोधक
भाऊ, तुलना चांगलीय पण एका जागी अडते. फळं-भाजीपाल्याची अडत 2016 पासून आपल्या राज्यात शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. एजंटचं अजून उलटंच आहे, तो लेखकाच्याच पैशातून कापतो. पैसे प्रकाशकाकडून आधी एजंटकडे येतात, तो आपले 15 कापून बाकीचे लेखकाला देतो. आणि अडत्याकडे माल आला की तो विकायला काढतो, एजंट मात्र आलेल्यातलं बहुतेक परत पाठवतो. एक महत्त्वाचं, चांगला एजंट वाचायचे पैसे घेत नाही. पुस्तक विकलं गेलं तरच कमिशन. वाचनफी मागणारा एखादा खलनायक कादंबरीत टाका, मजा येईल.

कोर्टाच्या_पायरीवर
वकील आहे, अमळनेर. ताई, तुमच्या नायिकेची खरी ताकद करारात दाखवा. कॉपीराइट कायदा 1957, कलम 19: हक्क किती वर्षांसाठी दिले ते करारात लिहिलंच नसेल तर ते 5 वर्षांचे धरतात, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारतापुरते. शिवाय 2012 च्या दुरुस्तीनंतर असंय की करार केला तेव्हा जे माध्यम व्यापारात नव्हतंच त्याचे हक्क, स्पष्ट उल्लेख नसेल तर, प्रकाशकाकडे जात नाहीत. आता एखाद्या म्हाताऱ्या लेखकाचा एका पानाचा जुना करार तिच्या हाती पडतो आणि ऑडिओबुकवाले दारात उभे, कोणाचे हक्क कोणाकडे? यावरच तुमची चार प्रकरणं निघतील. आमच्याकडे तर असे लेखक येतात की करारच नाही, सगळं तोंडी, प्रकाशक घरचाच माणूस म्हणे.

तापीकाठची
वकीलसाहेब हे भारीच. पन्नास लाखाचा चेक काढून टाकते. पण मग ती जगते कशावर? उपाशी नायिका नकोय मला, चोपड्याची पोरगी आहे ती 🙂

असोद्याचा_मळा
अनुवादावर जगवा की. 2022 ला हिंदीतल्या गीतांजली श्री, 2025 ला कन्नडच्या बानू मुश्ताक, दोघींना इंटरनॅशनल बुकर. बक्षीस 50,000 पौंड, निम्मं लेखिकेला निम्मं अनुवादकाला. मराठीतून चांगली इंग्रजी भाषांतरं करून घेणं, नमुन्याची वीस-तीस पानं तयार ठेवणं, ऑक्टोबरात फ्रँकफुर्टच्या पुस्तक मेळ्यात भेटी घेणं, हे काम आहे एजंटचं. एका पुस्तकाचे इंग्रजी, सिनेमा, ऑडिओ, इतर भारतीय भाषा असे तुकडे वेगळे विकले की थोडं थोडं जमतं. सोबत संपादनाची कामं घेऊ द्या तिला, पण स्वतःच्या लेखकांची सोडून बाहेरची.

आणि खान्देशातच दाखवायचं तर सोपानदेव चौधरींना विसरू नका. बहिणाबाई निरक्षर, ओव्या रचायच्या त्या तोंडीच. लेकाने आणि पितांबर चौधरींनी लिहून ठेवल्या, 1951 ला माय गेली, मग सोपानदेव बिचकतच ती वही घेऊन अत्र्यांकडे गेले आणि 1952 ला पुस्तक आलं. योग्य दार ओळखणं म्हणजे काय ते यात सगळं आलं, कमिशन तेवढं नाही. (आणि कोणी याला अहिराणी म्हणू नका, ती लेवा गणबोली, दरवेळी सांगावं लागतं.)

केळीवाला_रावेर
बेस शे ताई, लिखा. अमळनेरचं साहित्य संमेलन टाका मध्ये, 2024 चं, 1952 नंतर थेट तेव्हा आलं अमळनेरात. तिला पहिला लेखक तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवर भेटू द्या.

तापीकाठची
टाकते, आणि तो लेखक अहिराणीत लिहिणारा करते. वकीलसाहेब, कराराचं प्रकरण लिहून झालं की खासगी निरोपात पाठवू का, कलमं एकदा नजरेखालून घालाल?

कोर्टाच्या_पायरीवर
करा. मेच्या सुट्टीत पाठवा, तेव्हा कोर्ट बंद असतं. फी नाही, एजंटच्या नियमाने 😄