मुख्याध्यापक व्हायला मास्टर्स कशाला? (चर्चा धागा)

कोरेगावची_बाई

अनुदानित माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक कसा होतो ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. खाजगी शाळांसाठीची 1981 ची नियमावली म्हणते पदवी, बी.एड., एकूण पाच वर्षांचा अनुभव आणि त्यातली दोन वर्षं बी.एड. नंतरची. पुढचं सगळं सेवाज्येष्ठता बघते. यादीतलं वरचं नाव 31 मे ला निवृत्त झालं की खालचं वर सरकतं. कालपर्यंत भूगोल शिकवणारा माणूस दुसऱ्या दिवशी शालार्थ (पगाराची ऑनलाइन प्रणाली), संचमान्यता (पटावरून शिक्षकांची पदं ठरवणं), बिंदूनामावली (आरक्षणाचा तक्ता) आणि पोषण आहाराचा हिशेब घेऊन बसतो. त्याला हे शिकवतो कोण? क्लार्क. (क्लार्कची जागा रिकामी असेल तर शेजारच्या शाळेतला क्लार्क.)

आणि कागदांच्या पलीकडचं तर कोणीच शिकवत नाही. पाठ निरीक्षणाचं लॉगबुक उघडून बघा. ‘फलकलेखन सुंदर, आवाज स्पष्ट, विद्यार्थी सहभाग चांगला.’ गणिताला तेच, हिंदीला तेच. यातून कोणत्या शिक्षकाने काय सुधारायचं?

शैक्षणिक नेतृत्व आणि व्यवस्थापन हा भाग असलेलं एम.ए. शिक्षणशास्त्र मी करायचं ठरवलंय. ज्येष्ठता यादीत माझा नंबर यायला अजून अवकाश आहे, म्हणूनच आत्ता. स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न आला, ‘पगार किती वाढणार?’ माझं म्हणणं असं की खुर्चीवर बसण्याआधी हा अभ्यास प्रत्येकाला सक्तीचा हवा. तुम्हाला काय वाटतं?

माणदेशी_मास्तर

ताई, पदवी करा, न्हाई कोण म्हणतंय. पण सक्तीचं नाव काढू नका. आटपाडीकडची आमची शाळा दोन शिक्षकी. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं पहिली ते पाचवीला पट 150 च्या वर गेला तरच मुख्याध्यापकाचं पद. म्हणजे आमच्याकडं पदच न्हाई, नुसता चार्ज. प्रभारी म्हणून मीच सही करतो, मीच तांदूळ मोजतो, मीच यू-डायस (शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती) भरतो, मधल्या वेळात चार वर्ग एकत्र बसवून शिकवतो. नेतृत्व करायचं कुणाचं, त्या दुसऱ्या गुरुजींचं? त्यांची नोकरी माझ्यापेक्षा दोन वर्षांनीच कमी.

संगम_माहुली

साताऱ्यात बसून पदवीचं कौतुक ऐकायचं म्हणजे गंमतच. कर्मवीर भाऊराव पाटलांकडे, आपल्या अण्णांकडे, कुठलं मास्टर्स होतं? 1919 ला काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई वहिनींनी मंगळसूत्र विकून पोरं जेवू घातली. डी.लिट. मिळाली ती 1959 ला, तीही सन्मानाची. ज्याच्यात आहे त्याच्यात आहे, ज्याच्यात नाही त्याला विद्यापीठ काय देणार?

कोरेगावची_बाई

@संगम_माहुली, अण्णांचं उदाहरण अर्धंच सांगितलंत. त्याच अण्णांनी 1935 ला साताऱ्यात शिक्षक घडवायला ट्रेनिंग कॉलेज काढलं. ‘ज्याच्यात आहे त्याच्यात आहे’ असं त्यांना वाटलं असतं तर एवढा खटाटोप कशाला केला असता? आणि दर 31 मे ला यादीतून अण्णा निघत नाहीत. माझ्यासारखी साधी माणसं निघतात.

निवृत्त_हेडसर

मी पलूस भागात हायस्कूलचा मुख्याध्यापक होतो. बाईंच्या हेतूबद्दल शंका नाही, पण मास्टर्सची पुस्तकं मी चाळली आहेत. व्हिजन, मिशन, संघबांधणी. बरं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी ऑफिसात शिरायला लागलं तेव्हा शिपाई आणि मी दोघंच होतो. माडीवर आधी काय न्यायचं? संगणक महागाचे, म्हणून शिपाई तिकडे धावला. मी म्हटलं, आधी जनरल रजिस्टर. ते गेलं तर अख्ख्या गावाच्या जन्मतारखा आणि जातीचे पुरावे गेले. मग सेवापुस्तकं, मग किर्द (जमाखर्चाची वही). संगणक सगळ्यांत शेवटी. हे मला खुर्चीवर बसून उमजलं, पेपर लिहून नव्हे.

दुसरं. मुख्याध्यापकाच्या हातात उरलंय काय? शिक्षक भरती सरकारच्या पवित्र पोर्टलवरून. वेतनेतर अनुदान येईल तेव्हा येईल. संस्थाचालकांचा फोन आला की बदली. परदेशात प्रिन्सिपल स्वतः शिक्षक निवडतो, पैसे कुठे खर्चायचे ते ठरवतो. त्यांच्यासाठी लिहिलेला अभ्यासक्रम आपण पाठ करून काय उपयोग?

वाळवा_एक्सप्रेस

सर, रजिस्टरचं अगदी पटलं. पण एक सांगा, ते तुम्हाला सुचलं. तुमच्या जागी आलेल्यांना सुचेल का? ते लिहून कुठे ठेवलंय? तुमच्याबरोबर निवृत्त झालं की संपलं. अभ्यासक्रमाचा उपयोग नेमका इथेच आहे.

संशोधनाबद्दल थोडं. शाळा-नेतृत्वाचे अभ्यासक केनेथ लीथवूड आणि सहकाऱ्यांचा 2004 चा अहवाल या विषयात सगळीकडे सापडतो. शाळेच्या आवारातल्या ज्या गोष्टींचा मुलांच्या शिकण्यावर परिणाम होतो त्यांत वर्गातलं शिकवणं पहिलं आणि शाळाप्रमुखाचं नेतृत्व दुसरं, असं त्यात मांडलंय. अहवाल उत्तर अमेरिकेतला आहे, हेडसरांचा आक्षेप तेवढ्यापुरता रास्त. तरी हातात काही उरलं नाही हे मला मान्य नाही. वेळापत्रक कोण करतं?

माझ्या माहितीतल्या जवळजवळ प्रत्येक हायस्कूलमध्ये गणिताचा सगळ्यांत चांगला शिक्षक दहावी अ ला असतो. निकालाचा फ्लेक्स लागतो ना चौकात! पाचवी ड ला जातो तो ज्याचे तास भरायचे राहिलेत तो, मग त्याचा विषय कुठलाही असो. मुलगा गणितात मागे पडतो पाचवीत, आणि आपण औषध देतो दहावीत. हे बदलायला पवित्र पोर्टल आडवं येत नाही, संस्थाचालकही बहुधा येत नाही. मुख्याध्यापकाने जूनमध्ये एका कागदावर ठरवायचं असतं. पण चांगल्या शिक्षकाला पाचवी दिली की तो रुसतो, पालक विचारतात, पर्यवेक्षक म्हणतात ‘आजवर असं झालं नाही’. तो रुसवा कसा हाताळायचा, कोणते आकडे समोर ठेवायचे, कोणाशी आधी बोलायचं, याला शिक्षण लागतं. उपजत येत नाही. निदान मला तरी तसा माणूस भेटलेला नाही.

कृष्णाकाठ

दोन्ही बाजूंनी चाललंय, म्हणून सक्तीबद्दल एक माहिती. इंग्लंडने मुख्याध्यापकांसाठी 1997 ला खास राष्ट्रीय पात्रता सुरू केली, 2009 पासून नव्या मुख्याध्यापकांना ती पूर्ण केलेली असणं बंधनकारक केलं आणि 2012 ला बंधन काढून टाकलं. पात्रता अजून आहे, ऐच्छिक. शेजारच्या स्कॉटलंडने मात्र 2020 पासून आपली पात्रता सक्तीची केली. म्हणजे या वादाचा निकाल तिकडेही लागलेला नाही.

आपल्याकडे सक्ती केली तर काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. प्रत्येक तालुक्यात अभ्यासकेंद्र, असाइनमेंट झेरॉक्सच्या दुकानात तयार, ‘हस्ताक्षर तुमचं पाहिजे एवढंच’. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळाप्रमुखांनाही वर्षाला 50 तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. ऑनलाइन प्रशिक्षणात मोबाइलवर व्हिडिओ लावून वह्या तपासणारे मी पाहिलेत. बाईंनी स्वतःच्या मनाने करावं, माझा पाठिंबा. सक्ती नको.

फलटण_लोकल

वादात पडत नाही, बाईंच्या कामाचं सांगतो. एम.एड. 2015 पासून दोन वर्षांचं आणि नियमित हजेरीचं आहे, नोकरी सांभाळून जमणार नाही. एम.ए. शिक्षणशास्त्र इग्नूतून दूरस्थ करता येतं. पूर्ण एम.ए. ला वेळ नसेल तर इग्नूची शैक्षणिक व्यवस्थापन आणि प्रशासनाची पदव्युत्तर पदविका आहे, नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका आपल्याकडच्या पुष्कळ शिक्षकांनी केलेली आहे. कुठलंही घ्या, प्रवेशाआधी संस्थेची लेखी पूर्वपरवानगी घ्या. नाहीतर पुढे सेवापुस्तकात नोंद करताना तुम्हालाच फाइल घेऊन फिरावं लागेल.

संगम_माहुली

बाई, अण्णांच्या ट्रेनिंग कॉलेजचं उत्तर चांगलं दिलंत. पण ते कॉलेज शिक्षकांसाठी होतं, हेडमास्तरांसाठी नव्हतं. माझं मत तेच.

निवृत्त_हेडसर

@वाळवा_एक्सप्रेस, पाचवी ड चं बोललात ते झोंबलं. मी दहावीलाच चांगला शिक्षक दिला आणि पुन्हा संधी मिळाली तरी तेच करीन. दहावीचा निकाल पडला की पुढच्या जूनमध्ये पालक पाचवीचा दाखला दुसरीकडे नेतात, तुकडी तुटते, संचमान्यतेत पद जातं. अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाच्या घरी काय वातावरण असतं ते मी बघितलंय. तुमच्या लीथवूडना संचमान्यता माहीत आहे का?

कोरेगावची_बाई

हेडसर, त्यांना नसेल माहीत. म्हणूनच प्रबंधिकेला हाच विषय घ्यावा म्हणते. तुकडी जाण्याची भीती आणि चांगल्या शिक्षकांचं वाटप, कोरेगाव-खटाव भागातल्या पाचसहा शाळांत. तुमची वेळापत्रकं बघायला मिळतील का? शाळेचं नाव कुठेही येणार नाही.

फलटणकर, पूर्वपरवानगीचं बरं झालं सांगितलंत. अर्ज सोमवारी देते.

माणदेशी_मास्तर

पाचवीला कोण आणि दहावीला कोण, वाद लई भारी चाललाय. आमच्याकडं वाटायला दुसरा शिक्षक तरी राहू द्या. आमचे गुरुजी परवापासून मतदार यादीच्या कामाला गेलेत.