मदत हवी आहे : रस्त्याखालची मोरी काउंटीची की राज्याची?

नमस्कार मंडळी, आम्ही अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात राहतो. घरासमोरची रस्त्याखालची मोरी पानं आणि गाळानं तुंबली आहे. जोराचा पाऊस झाला की पाणी गॅरेजच्या दारापर्यंत येतं. परवा शेजारच्या आजींच्या बेसमेंटमध्ये घोटाभर पाणी होतं. त्या एकट्याच असतात, त्यामुळे फार काळजी वाटते.

काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या इथल्या स्थानिक प्रशासनात, फोन केल्यावर कळलं की १९३२ च्या कायद्यापासून इथल्या बहुतेक काउंट्यांचे रस्ते राज्याकडे आहेत. आर्लिंग्टन आणि हेन्रायको या दोनच काउंट्या आपले रस्ते स्वतः सांभाळतात. घरपट्टी आपण काउंटीला भरतो, म्हणून मी रस्ताही तिचाच धरून चालले होते. पण मोरीचं दुसरं तोंड रस्त्याच्या हद्दीबाहेर, दोन घरांमधल्या चरात उघडतं. तो चर कोणी साफ करायचा? प्लॉटच्या नकाशावर इझमेंट (दुसऱ्याच्या जागेतून पाणी वगैरे नेण्याचा हक्क) दाखवलेलं असतं का, आणि तो नकाशा कुठे मागायचा?

शिवाय काउंटीचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि त्याआधी बजेटवर जाहीर सुनावणी होते. तिथे कोणी बोललं आहे का? एवढंसं काम तिथे मांडावं, की आधी आपल्या भागाच्या सुपरवायझरना (काउंटीच्या मंडळावर निवडून आलेल्या प्रतिनिधींना) लिहावं? फोटो आणि तारखा जमवून ठेवल्या आहेत.